देखरेख आणि हस्तक्षेप

बेळगाव जिल्ह्यातील निपाणीच्या परिसरात तंबाखू पिकते आणि विडीच्या धंद्यावर अनेक कुटुंबांची चूल पेटते. या धंद्यात देखरेखीच्या दोन तऱ्हा आढळतात. घरी विड्या वळणारी स्त्री तेंदूचे पान भिजवते, मापाने कातरते, तंबाखू भरते, वळते आणि दोरा बांधते. तिच्या बोटांवर कोणाची नजर नसते. विड्या पोचविल्यावर मात्र त्या तपासल्या जातात आणि नापसंत ठरलेल्या ‘छाट’ म्हणून बाजूस पडतात. वखारीतील तंबाखूचे काम याउलट मुकादमाच्या डोळ्यांदेखत चालते. वखारीतल्या स्त्रियांच्या लढ्यावर १९८२ साली ‘युगांतर’ या गटाने माहितीपट काढला.

कचेऱ्यांतून आज ज्याला ‘मायक्रोमॅनेजमेंट’ म्हणतात, ते या दुसऱ्या तऱ्हेचेच टोक होय. नवशिक्या हाताला वळण लावणे हे शिक्षण. मुरलेल्या हाताला प्रत्येक हालचाल विचारून करावयास लावणे हा अविश्वास. त्याने काम सुधारत नाही, हात मात्र बिचकतो. सांगणाऱ्याचाही दिवस त्यातच जातो, पण हे तो सहसा कबूल करीत नाही.

मग केवळ तयार माल तपासावा काय? तेवढ्यानेही भागत नाही. मजुरी हजार विड्यांमागे ठरलेली. तेव्हा छाटीला धरबंध नसेल, तर कष्टाचे मोल तपासणाऱ्याच्या मर्जीवर राहते. म्हणूनच १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने नाकारलेल्या विड्यांचा वाद नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे नेण्याची सोय केली. कारखानदारांनी कायद्यास आव्हान दिले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला.