वेळापूर : आपल्या तालुक्यातला सातशे वर्षांचा मराठी दगड



इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रायगड येतो, अजिंठा-वेरूळ येतं, फार तर पंढरपूर येतं. आपल्या माळशिरस तालुक्यात काय आहे असं विचारलं, तर मुलं ऊस, साखर कारखाने आणि पालखी एवढंच सांगतात. ते खरंच आहे, पण त्यात एक मोठी गोष्ट राहून जाते. माळशिरसहून पंढरपूरकडे जाताना वाटेत वेळापूर लागतं. हे गाव यादवांच्या काळातलं आहे. तिथल्या अर्धनारीनटेश्वराच्या देवळामुळं आणि तिथल्या मराठी शिलालेखामुळं अभ्यासक दूरदूरहून तिथं येतात. आपण मात्र एसटीतून सरळ पुढं निघून जातो!

आज आपण वेळापूरचा वारसा समजून घेऊ. त्याचबरोबर आपल्या गावातला जुना दगड कसा ओळखायचा आणि कसा जपायचा, तेही बघू.

शके १२२२ म्हणजे नेमकं कधी?

वेळापूरच्या शिलालेखावर शके १२२२ असा काळ आहे. देवगिरीचा राजा रामचंद्रदेव यादव याच्या राजवटीतला हा लेख आहे. आता एक सोपं गणित करा. शक वर्षात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो.

१२२२ + ७८ = १३००

(शक वर्ष चैत्रात सुरू होतं. त्यामुळं जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तारखेसाठी ७९ मिळवावे लागतात, एवढं लक्षात ठेवा.)

म्हणजे हा लेख इ.स. १३०० चा, सातशे वर्षांपेक्षाही जुना. आणखी एक गंमत बघा. गुढीपाडव्याला पंचांगात आपण संवत्सराचं नाव वाचतो. अशी साठ नावं आहेत आणि ती साठ वर्षांनी पुन्हा फिरून येतात. शके १२२२ चं संवत्सर होतं शार्वरी. २०२० सालच्या पाडव्याला शके १९४२ सुरू झालं, तेव्हाही शार्वरीच होतं. १९४२ मधून १२२२ वजा करा, ७२० उरतात. ७२० ला ६० ने भागा, बरोबर १२ येतात. म्हणजे तो दगड कोरला गेला तेव्हापासून हे चक्र बारा वेळा पूर्ण फिरलं. पाचवीच्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर घालून बघा, मुलांना भागाकारही आवडेल आणि इतिहासही.

त्या वेळी महाराष्ट्रात काय चाललं होतं?

नुसतं साल पाठ करून उपयोग नाही. त्याच्या मागंपुढं काय घडलं हे कळलं, की साल लक्षात राहतं.

शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये संत ज्ञानेश्वरांनी नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली. तेव्हाही राजा रामचंद्रदेवच होता, ज्ञानेश्वरीच्या शेवटी त्याचा उल्लेख आहे. इ.स. १२९६ मध्ये माऊलींनी आळंदीला समाधी घेतली. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खलजीनं देवगिरीवर स्वारी केली. नंतर दिल्लीच्या सुलतानाकडून मलिक काफूर देवगिरीवर चालून आला. इ.स. १३११ च्या सुमारास रामचंद्रदेव गेला आणि पुढच्या काही वर्षांतच यादवांचं राज्य संपलं.

आता वेळापूरचा लेख या रांगेत ठेवून बघा. ज्ञानेश्वरीनंतर दहा वर्षं. माऊलींच्या समाधीनंतर चार वर्षं. देवगिरीवरची पहिली स्वारी होऊन गेलेली आणि राज्य संपायला थोडाच अवधी राहिलेला. अशा काळातसुद्धा आपल्या भागात देवळाची कामं चालू होती आणि ती मराठीत दगडावर कोरून ठेवली जात होती.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते. ज्ञानेश्वरीची मूळ प्रत आज आपल्याकडं नाही. हातानं नकला होत होत ती आपल्यापर्यंत आली. नक्कल करताना शब्द बदलतात, म्हणून तर संत एकनाथांनी सोळाव्या शतकात तिची शुद्ध प्रत तयार केली. दगडावरच्या अक्षराचं तसं नसतं. कोरणाऱ्यानं जे कोरलं तेच आज समोर आहे. माऊलींच्या काळातली मराठी कशी लिहिली जात होती, याचा अस्सल पुरावा आपल्या तालुक्यात उभा आहे.

आणि दरवर्षी आषाढी वारीत माऊलींची पालखी नातेपुते, माळशिरस असे मुक्काम करत वेळापूरलाच मुक्कामाला येते. लाखो वारकरी त्या रात्री वेळापुरात असतात. ज्यांची पालखी येते त्यांच्याच काळातले मराठी शब्द त्याच गावात दगडावर आहेत, हे त्यांतल्या किती जणांना माहीत असेल?

शिलालेखात काय लिहिलेलं असतं?

यादवकाळातल्या शिलालेखांची एक ठरलेली पद्धत असते. सुरुवातीला मंगल शब्द, बहुतेक वेळा 'स्वस्ति श्री'. मग शक आणि संवत्सराचं नाव, कधी महिना आणि तिथीही. त्यानंतर राजाचं नाव आणि त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचं नाव. मग मुख्य मजकूर : देऊळ बांधलं, दुरुस्त केलं, देवाला जमीन किंवा उत्पन्न दिलं. शेवटी, हे दान जो मोडेल त्याला शाप. काही ठिकाणी हा शाप चित्रातही कोरलेला असतो. त्यात गाढव असतं, म्हणून अशा दगडाला गद्धेगाळ म्हणतात.

म्हणजे शिलालेख हा त्या काळातला जाहीर दस्तऐवजच. आज आपण खरेदीखत रजिस्टर करतो, तेव्हा ते दगडावर कोरून सगळ्यांसमोर उभं करत.

ही अक्षरं देवनागरीच असतात, तरी चटकन वाचता येत नाहीत. त्याचं एक कारण पडिमात्रा. आज आपण 'के' लिहिताना मात्रा डोक्यावर देतो. त्या काळी मात्रा अक्षराच्या आधी उभ्या रेघेसारखी काढत. त्यामुळं आपल्याला तो मागच्या अक्षराचा काना वाटतो आणि वाचन चुकतं. शिवाय दोन शब्दांत मोकळी जागा सोडत नसत. ही दोन गुपितं कळली की जुना लेख बघायला भीती वाटत नाही.

भाषेतही फरक आहे. तारीख, जमीन, कागद, हद्द हे आपले रोजचे शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत आणि मराठीत ते मोठ्या प्रमाणावर यादवांच्या नंतर रुळले. त्याआधीची मराठी कशी होती ते अशा लेखांतून कळतं.

आपला सोलापूर जिल्हा या बाबतीत श्रीमंत आहे, बरं का. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना या नद्यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथला शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. पंढरपूरला विठ्ठल मंदिरात रामचंद्रदेवाच्याच काळातला 'चौऱ्यांशीचा शिलालेख' आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी आनंद केला. आपली भाषा जुनी आहे हे सांगायला असले दगडच साक्षीला येतात.

देऊळ 'हेमाडपंती' म्हणजे काय?

वेळापूरचं देऊळ हेमाडपंती आहे असं सगळे सांगतात. हेमाद्री किंवा हेमाडपंत हा महादेव यादव आणि रामचंद्रदेव यांच्या दरबारातला मोठा अधिकारी आणि विद्वान. त्याच्या नावावरून हा शब्द आला. पण या पद्धतीची देवळं त्याच्या आधीपासूनच बांधली जात होती. नाव मात्र त्याचं चिकटलं.

ओळखायचं कसं? मोठमोठे घडीव दगड एकमेकांत खाचा करून बसवलेले असतात. चुना किंवा दुसरा कुठला सांधा भरलेला दिसत नाही. दगडाच्या वजनावरच सगळं उभं राहतं. अर्धनारीनटेश्वर म्हणजे शिव आणि पार्वती हे वेगळे नाहीत, एकच आहेत ही कल्पना. चैत्रात इथं देवाची मोठी यात्रा भरते. म्हणजे हे देऊळ नुसतं बघायचं ठिकाण नाही, आजही गाव त्याच्याभोवती जगतं.

वीरगळ : नाव नसलेल्या माणसांचा इतिहास

शिलालेखात राजाचं नाव येतं, अधिकाऱ्याचं येतं. साध्या माणसाचं काय? त्याच्यासाठी वीरगळ.

गावावर दरोडा पडला, गुरं पळवून नेली, लढाई झाली आणि त्यात कुणी मेला, तर त्याच्या आठवणीसाठी दगड उभा करत. वेळापूरच्या देवळाच्या परिसरात असे वीरगळ बघायला मिळतात. वीरगळ नेहमी खालून वर वाचायचा. सर्वांत खालच्या चौकटीत वीर मरून पडलेला किंवा लढताना दिसतो. शेजारी गाई कोरलेल्या असतील, तर तो गुरं सोडवताना मेला असं समजायचं. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो. सगळ्यात वर चंद्र आणि सूर्य असतात. त्यांचा अर्थ, चंद्र-सूर्य आहेत तोवर ही आठवण राहो.

दगडावर कोपरात वाकलेला हात आणि त्यात बांगड्या दिसल्या, तर तो सतीचा दगड.

बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. तो वीर कुणाच्या घरचा होता ते आज सांगता येणार नाही. पण कुणीतरी गावासाठी जीव दिला आणि गावानं ते लक्षात ठेवलं, एवढं मात्र तो दगड सांगतो.

धावाबावी आणि नवा रस्ता

वेळापूरच्या अलीकडं धावाबावी नावाची जागा आहे. तुकाराम महाराजांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी परंपरा आहे. म्हणून आजही खुडूसचं रिंगण उरकून पालखी इथं आली की वारकरी उतारावरून वेळापूरच्या दिशेनं धावत सुटतात. इथं भारुडंही होतात. हाही वारसाच आहे. तो दगडात नाही, माणसांच्या पायांत आहे.

२०२१ मध्ये पालखी महामार्गाच्या कामाचं भूमिपूजन झालं आणि आपल्या भागातला रस्ता बघता बघता रुंद झाला. सोय झाली, यात शंका नाही. पण रस्ता, गटार, सभामंडप, नवीन घर असं कुठलंही काम निघालं की गावोगावी जुने दगड उखडले जातात. कुठं वीरगळाची पायरी होते, कुठं धुणं धुवायला होतो. कुठं भक्तीपोटी त्याला शेंदूर आणि ऑइलपेंट लावला जातो. हे कुणी वाईट हेतूनं करत नाही. तो दगड काय आहे हेच माहीत नसतं. पण अक्षरावर रंगाचे चार थर बसले की सातशे वर्षं टिकलेलं अक्षर आपल्या डोळ्यांदेखत जातं. ऊन-पावसानं जे केलं नाही, ते एक रंगाचा डबा करतो.

आपण काय करू शकतो?

१. जुना कोरीव दगड दिसला तर तो हलवू नका. तो कुठं उभा आहे, तोंड कुणीकडं आहे, यावरूनही माहिती मिळते.

२. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, पीठ, हळद-कुंकू चोळू नका. तारेच्या ब्रशनं घासू नका. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना फोटो काढा. सावली पडल्यामुळं अक्षर आपोआप उठून दिसतं.

३. शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या, म्हणजे मोजमाप कळतं. गावाचं नाव, जागा, तारीख वहीत लिहा.

४. लेखाचा कागदी ठसा घ्यायचं काम तज्ज्ञांचं आहे, ते त्यांच्यावर सोपवा. गावातल्या दगडाची माहिती ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. जमिनीत पुरलेली जुनी नाणी वगैरे सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्यानं बंधनकारक आहे.

५. रंग लावणाऱ्या म्हाताऱ्या आजोबांशी भांडू नका. हा दगड कशाचा आहे ते त्यांना समजावून सांगा. अर्थ कळला की तेच त्याची राखण करतील.

वर्गासाठी उपक्रम

• परिसर अभ्यासाच्या तासाला गावातल्या जुन्या दगडांची, बारवांची, पारांची यादी करा.
• घरातल्या आजी-आजोबांना त्यांच्याबद्दल विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.
• एका वीरगळाचं चित्र काढा आणि खालून वर प्रत्येक चौकटीखाली एक वाक्य लिहा.
• तुमच्या जन्मवर्षाचं शक वर्ष काढा. (सूत्र : इसवी सन वजा ७८. जन्म पाडव्याच्या आधीचा असेल तर वजा ७९.)

पुढच्या वेळी पंढरपूरला जाताना वेळापूरला उतरा. मुलांना बरोबर घ्या. देवाचं दर्शन घ्या, आणि मग अर्धा तास देवळाच्या आवारात फिरून ते दगड नीट बघा. आपल्या गावातही असा एखादा दगड असेल, तर त्याची नोंद वर्गाच्या वहीत आजच करून ठेवा.