अनोळखी प्रतिवादी आणि अदृश्य परिषद

वाद घालणे ही मराठी माणसाची जुनी हौस आहे. पूर्वी ती वाड्याच्या ओसरीवर, वाचनालयात किंवा व्याख्यानमालेनंतरच्या चहापानात भागत असे. समोरचा गृहस्थ कोण, त्याचे वाचन किती, राग आल्यावर तो काय बोलतो आणि दुसऱ्या दिवशी कसा हसत भेटतो, हे सर्वांना ठाऊक असे. आता हाच वाद हातातल्या फोनवर, कधीही न पाहिलेल्या माणसाशी चालतो. विषय तेच आहेत : राजकारण, विज्ञान, समाज. बदलली आहे ती वादाची जागा, आणि तिच्याबरोबर वादाचे नियमही.

डॉक्टरांपुरता हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहिलेला नाही. लसीमुळे वंध्यत्व येते, असे कोणीतरी लिहितो. एखादा डॉक्टर त्याला संतापून उत्तर देतो. पुढे तासभर दोघांची चकमक होते. ती वाचणाऱ्यांत एखादी अशी माता असू शकते की जिच्या बाळाची लस येत्या सोमवारी आहे. ती एक शब्दही लिहीत नाही. परंतु निर्णय तिलाच घ्यायचा असतो. म्हणून अशा वादात कसे उतरावे आणि केव्हा उतरू नये, याचा विचार वैद्यकाच्या कर्तव्यांतच मोडतो.

आपल्या व्यवसायाच्या पूर्वसूरींनी हा विचार फार पूर्वी केला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्यांनी परस्परांशी कशी चर्चा करावी याचे तपशीलवार विवेचन येते. या चर्चेला तेथे ‘तद्विद्यसंभाषा’ म्हटले आहे. तिचे दोन प्रकार आहेत. जाणत्या, शांत, मत्सररहित आणि पटवून घेण्यास तयार असलेल्या व्यक्तीशी होणारी ती ‘संधायसंभाषा’. आणि जिंकण्याच्या ईर्ष्येने होणारी ती ‘विगृह्यसंभाषा’. पहिल्या प्रकारात हरण्याची भीती बाळगू नये, दुसऱ्यास निरुत्तर केल्याचा हर्ष मानू नये, त्याची फुशारकी मारू नये आणि स्वतःला जे ठाऊक नाही त्याचे वर्णन करीत बसू नये, असा उपदेश आहे. हृदयरोगतज्ज्ञाने साथरोगशास्त्रावर किंवा शल्यविशारदाने अर्थकारणावर अधिकारवाणीने लिहिण्यापूर्वी हा शेवटचा नियम आठवावा.

दुसऱ्या प्रकारच्या वादात उतरण्यापूर्वी चरक तीन गोष्टी पारखावयास सांगतात : स्वतःचे बळ, प्रतिवादीचे बळ आणि परिषद, म्हणजे ऐकणारी सभा. प्रतिवादी आपल्याहून श्रेष्ठ, समान की कनिष्ठ. सभा जाणती की अजाण. आणि ती आपल्याशी स्नेहाने वागणारी, तटस्थ की मनात अढी धरून बसलेली, हे आधी ओळखावे. अढी धरलेल्या सभेत, मग ती कितीही विद्वान असो, कोणाशीही वाद करू नये, असे त्यांचे स्पष्ट मत आहे.

आजची अडचण नेमकी येथे सुरू होते. पडद्यापलीकडचा प्रतिवादी प्राध्यापक आहे, शाळकरी मुलगा आहे, की मोबदला घेऊन लिहिणारा प्रचारक आहे, हे कळत नाही. वाचणारी सभा तर पूर्णपणे अदृश्य असते. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये या स्थितीत माणसाचा संयम का सुटतो याची मीमांसा केली. आपले नाव झाकलेले असते, चेहरा दिसत नाही, उत्तर तत्काळ द्यावे वा ऐकावे लागत नाही, समोरच्याच्या अधिकाराचा धाक उरत नाही. आणि त्याचे शब्द आपण आपल्याच मनातल्या आवाजात वाचतो. ओसरीवर ज्याच्याशी आपण आवाज चढवून बोललो नसतो, त्यालाच येथे मूर्ख म्हणून मोकळे होतो.

चरकांनी वादातील फसवे डावही नोंदवले आहेत. पैकी ‘सामान्यच्छल’ आजही जसाच्या तसा भेटतो. औषध रोगाचे शमन करते, असे एकाने म्हटले की दुसरा म्हणतो, औषधही ‘अस्तित्वात असलेली वस्तू’ आणि रोगही तीच. मग खोकलाही अस्तित्वात आहे आणि क्षयही, तेव्हा खोकल्याने क्षय बरा व्हावयास हवा! दोन भिन्न वस्तूंना एका व्यापक शब्दात कोंबून केलेली ही फसवणूक आहे. लसींविषयीचा ‘पाऱ्या’चा आक्षेप याच जातीचा. काही लसींच्या बहुमात्रा कुप्यांत थायोमर्सल हे परिरक्षक असते; त्यापासून शरीरात एथिल-पारा तयार होतो आणि तो तुलनेने लवकर बाहेर टाकला जातो. जपानमधील मिनामाता येथे मासळीतून झालेली विषबाधा मेथिल-पाऱ्याची होती. ‘पारा तो पाराच’ असे म्हणणारा नकळत किंवा जाणूनबुजून हा जुनाच डाव खेळतो. स्वतः काहीच सिद्ध न करता फक्त दुसऱ्याचे दोष काढीत राहणे म्हणजे ‘वितंडा’. हा शब्द तर आपण रोजच्या बोलण्यातही वापरतो.

परंतु सत्य आपल्या बाजूस असले म्हणजे सारे झाले, असेही नाही. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याचा नियम लावला. एप्रिलमध्ये सुमारे १८ टक्के असलेला मातामृत्यूचा दर जूनपर्यंत सुमारे २ टक्क्यांवर आला. पुढे १८६१-६२ मध्ये विरोधी प्रसूतितज्ज्ञांना लिहिलेल्या खुल्या पत्रांत त्यांनी त्यांना खुनी म्हणण्यापर्यंत मजल नेली. त्यांचा संताप समजण्यासारखा होता. तरीही त्या पत्रांनी विरोधकांची मने वळली नाहीत. १८६५ मध्ये एका मनोरुग्णालयात त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांचे म्हणणे सर्वमान्य झालेले नव्हते.

मग गप्पच बसावे काय? तसेही नाही. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. खरीपेक्षा खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी अधिक आढळली, आणि हे काम यंत्रांपेक्षा माणसांनीच केलेले होते. जर्मनीतील फिलिप श्मिड आणि कॉर्नेलिया बेट्श यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की विज्ञान नाकारणाऱ्याचे म्हणणे अनुत्तरित राहिले तर ऐकणाऱ्यांवर त्याचा परिणाम सर्वांत वाईट होतो. वस्तुस्थिती मांडली किंवा युक्तिवादातील डाव उघड केला, तर तो परिणाम पुसला जात नसला तरी कमी होतो.

या साऱ्यातून काही व्यावहारिक पथ्ये निघतात. उत्तर प्रतिवाद्यासाठी नव्हे, तर मूक वाचकासाठी लिहावे. एका वेळी एकच दावा घ्यावा. तो कोठून आला हे सांगावे : उदाहरणार्थ, गोवरप्रतिबंधक एमएमआर लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ मधील निबंध अवघ्या १२ बालकांवर आधारलेला होता आणि ‘लॅन्सेट’ने तो २०१० मध्ये मागे घेतला, उलट डेन्मार्कमधील ५,३७,३०३ बालकांच्या २००२ मधील अभ्यासात असा संबंध आढळला नाही. लसीचे जे खरे दुष्परिणाम आहेत ते लपवू नयेत. दोनदा शांतपणे उत्तर देऊनही समोरून वितंडाच येत असेल, तर नमस्कार करून थांबावे. आणि कोणाही रुग्णाची हकिकत, नाव वगळूनही, वादात पुरावा म्हणून वापरू नये.

अनोळखी माणसाशी केलेल्या वादाची एक मर्यादाही ध्यानी घ्यावी. पोलिओच्या थेंबांमुळे वंध्यत्व येते ही अफवा उत्तर प्रदेशातील काही भागांत बळावली होती. ती ओसरण्यात त्याच वस्तीतील कार्यकर्त्या स्त्रिया, धर्मगुरू आणि ओळखीचे डॉक्टर यांचा मोठा वाटा होता. ते पुन्हा पुन्हा दारी जाऊन बोलत राहिले. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. पडद्यावरचे उत्तर शंकेला जागा करून देते. तिचे निरसन बहुधा ओळखीच्या माणसासमोरच होते.

म्हणून शेवटी एक सूचना. बाहेरच्या विगृह्यसंभाषेत उतरण्यापूर्वी आपल्या मंडळाच्या सभांतून अशा प्रश्नांवर संधायसंभाषा घडावी. लसी, प्रतिजैविके, स्त्रियांच्या शस्त्रक्रिया, औषधांच्या किमती, अशा विषयांवर लोक जे आक्षेप घेतात ते एका सदस्याने तितक्याच जोरात मांडावेत आणि इतरांनी उत्तरे द्यावीत. आपल्या ज्ञानातील उणिवा आपल्याच माणसांत उघड झाल्या तर त्यात कमीपणा नाही. तद्विद्यसंभाषेने शंका फिटतात आणि कळलेले अधिक दृढ होते, असे चरकांनी म्हटले आहेच. अशा तयारीने बोलणारा डॉक्टर अनोळखी माणसाशीही न चिडता बोलू शकेल.