'रिकव्हर' : एक शब्द, अनेक वाटा

आज आपण एकाच इंग्रजी शब्दाविषयी बोलणार आहोत. शब्द तसा खेड्यापाड्यांत पोचलेला आहे. साखर कारखान्यावर तो ऐकू येतो, बँकेत ऐकू येतो, दवाखान्यात ऐकू येतो आणि पोलीस चौकीतही ऐकू येतो. तो शब्द म्हणजे 'रिकव्हर' आणि त्याचे नाम 'रिकव्हरी'.

समजा, एक शेतकरी संध्याकाळी शाळेतल्या गुरुजींकडे आला. म्हणाला, "गुरुजी, जरा घोटाळा झालाय. कारखान्यावर सगळे म्हणतात, यंदा रिकव्हरी चांगली आहे, आनंद आहे. आणि बँकेचा मोबाइलवर निरोप आलाय, त्यातही रिकव्हरीच आहे. धाकटा म्हणतो, ही कर्जाची वसुली. मग आनंद करायचा का काळजी?"

गुरुजी म्हणाले, "तात्या, बसा. दोन्ही करायचं, पण कशासाठी ते समजून घेऊन."

ते समजून घेणे हाच आजच्या बोलण्याचा विषय.

पहिली गोष्ट म्हणजे शब्दाचे मूळ. पुष्कळ मुलांना वाटते की 'कव्हर' म्हणजे झाकणे, त्याला 'रि' लावला की पुन्हा झाकणे. हे बरोबर नाही. आपला 'रिकव्हर' जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला आणि तिथे तो लॅटिनमधून आला. मूळ अर्थ, परत मिळवणे. दुखण्यानंतर शक्ती भरून येणे या अर्थाचा 'रिक्युपरेट' हा शब्दही त्याच मुळाचा. झाकण्याचा 'कव्हर' हा वेगळ्या कुळातला. पुन्हा झाकणे या अर्थाचा शब्दही इंग्रजीत आहे, पण तो मध्ये आडवी रेघ देऊन लिहितात आणि 'री' लांब उच्चारून 'री-कव्हर' म्हणतात. वहीचा फाटलेला कागद काढून नवा घातला, तर वही री-कव्हर केली. मित्राने नेलेली वही परत मिळवली, तर वही रिकव्हर केली. एवढ्याशा रेघेने अर्थ पार बदलतो.

तर 'रिकव्हर' म्हणजे आपले जे गेले, अडकले किंवा दुसऱ्याकडे राहिले, ते पुन्हा हाती येणे. इंग्रजीत हे सगळे एकाच शब्दात मावते. मराठीला ते एका शब्दात बसवायची गरजच वाटली नाही. आपण पैसा वसूल करतो. चोरीचा मुद्देमाल हस्तगत करतो. तोल सावरतो. बेशुद्ध माणूस शुद्धीवर येतो. आजारी माणूस बरा होतो, तापातून उठतो. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत 'रिकव्हर' चालतो. म्हणून शब्दकोशातला पहिला अर्थ उचलून वाक्यात घातला की फजिती होते. आधी गेले काय ते पाहायचे, मग मराठी क्रियापद निवडायचे.

आता शिक्षकबंधूंसाठी थोडे व्याकरण. हे क्रियापद दोन रीतींनी चालते. एका रीतीत त्याला कर्म असते : 'द बँक रिकव्हर्ड द लोन फ्रॉम द फार्मर', म्हणजे बँकेने शेतकऱ्याकडून कर्ज वसूल केले. दुसऱ्या रीतीत कर्म नसते : 'द फार्मर रिकव्हर्ड फ्रॉम द फीव्हर', म्हणजे शेतकरी तापातून उठला. दोन्ही वाक्यांत 'फ्रॉम' आहे. पण मराठीत पाहा, पहिल्या ठिकाणी 'कडून' आला आणि दुसऱ्या ठिकाणी 'तून' आला. ज्याच्याकडे वस्तू आहे, त्याच्याकडून ती घ्यायची. ज्या संकटात आपण सापडलो, त्यातून बाहेर पडायचे. हा फरक मुलांना मराठीतून आधीच येतो. तो फक्त दाखवून द्यायचा.

आणि कर्म गाळले तर काय होते? 'द बँक रिकव्हर्ड फ्रॉम द लॉस' असे लिहिले, तर बँक तोट्यातून सावरली असा अर्थ होतो. कोणाकडून काही वसूल झाले, असे त्यात नाही. तेव्हा इंग्रजी कागद वाचताना 'रिकव्हर' दिसला की त्याच्या पुढचा शब्द बोटाने धरावा. तिथे पैसा, माल, रक्कम असे काही आहे, का सरळ 'फ्रॉम' आहे?

मुलांच्या वह्यांत दोन चुका हमखास सापडतात. एक : 'आय रिकव्हर्ड माय फीव्हर'. रिकव्हरचे कर्म म्हणजे जे आपल्याला परत हवे ते. ताप कोणाला परत हवा असतो? परत हवी असते ती प्रकृती. म्हणून 'रिकव्हर्ड माय हेल्थ' चालेल, किंवा 'रिकव्हर्ड फ्रॉम फीव्हर' चालेल. दुसरी चूक : 'द पेशंट वॉज रिकव्हर्ड'. कर्मणी प्रयोग वस्तूला शोभतो. चोरीला गेलेले बैल 'वेअर रिकव्हर्ड' म्हणावे. विहिरीतून काढलेल्या प्रेताबद्दलही वर्तमानपत्रात 'वॉज रिकव्हर्ड' असेच येते. तेव्हा बऱ्या झालेल्या माणसाविषयी असे लिहिले, तर वाचणाऱ्याच्या छातीत धस्स व्हायचे! तिथे 'हॅज रिकव्हर्ड' लिहावे.

आता तात्यांच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. कारखान्याची रिकव्हरी म्हणजे साखरेचा उतारा. साखर उसातच असते, कारखाना ती उसातून बाहेर काढतो. शंभर किलो ऊस गाळून सव्वादहा किलो साखर हाती आली, तर उतारा 10.25 टक्के. उसातली सगळी साखर काही पोत्यात येत नाही. थोडी चिपाडात राहते, थोडी मळीत जाते. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला तरी उतारा घटतो. म्हणजे इथेही तोच अर्थ आहे. जे आत आहे, त्यातले हाती किती आले?

हा आकडा शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोचतो. केंद्र सरकार दर हंगामाला उसाचा रास्त आणि किफायतशीर दर ठरवते, आणि तो उताऱ्याशी बांधलेला असतो. 2024-25 च्या हंगामाचे उदाहरण घ्या. 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये दर होता. त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3 रुपये 32 पैसे जास्त. म्हणजे उतारा 11.25 टक्के धरला, तर क्विंटलला 373 रुपये 20 पैसे झाले, टनाला 3732 रुपये. त्यातून तोडणी आणि वाहतूक वजा होते, ते निराळे. आणि हा उतारा एकट्या तात्यांच्या उसाचा नसतो, सगळ्या कारखान्याचा असतो. तेव्हा इथली रिकव्हरी वाढली, तर आनंद करायला हरकत नाही.

दुसरी रिकव्हरी म्हणजे वसुली. 'वसूल' हा शब्दही बाहेरूनच आला, अरबीतून. तिथे त्याचा अर्थ पोचणे. पैसा धन्याकडे पोचला, की तो वसूल झाला. आपल्या जुन्या हिशेबांत वसूल आणि बाकी हे जोडशब्द रुळलेले आहेत. कर्ज थकले, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 101 खाली संस्था निबंधकांकडे अर्ज करू शकते. निबंधक चौकशी करून वसुलीचा दाखला देतात. मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. म्हणून असा कागद आला, तर तो घडी करून कोनाड्यात ठेवू नये. रक्कम किती, व्याज किती, मुदत कोणती, हे त्याच दिवशी वाचून घ्यावे. हिशेब चुकला असेल, तर वेळेत लेखी सांगावे.

पण इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. वसुली म्हटली की शेतकऱ्याला वाटते, आता ती आपल्याकडूनच व्हायची. हा शब्द एकाच बाजूने चालत नाही. ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत त्याचे पैसे द्यायला हवेत. उशीर झाला, तर वर्षाला 15 टक्के दराने व्याज लागते. आणि कारखान्याने ही रक्कम थकवली, तर तीही जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. महाराष्ट्रात साखर आयुक्त असे वसुलीचे आदेश कारखान्यांवर काढत आले आहेत. त्या कागदावरही 'रिकव्हरी' हाच शब्द असतो. फक्त तिथे 'फ्रॉम'च्या पुढे शेतकऱ्याचे नाव नसते, कारखान्याचे असते.

म्हणून गुरुजींना एक सुचवावेसे वाटते. वर्गात हा शब्द आला, की फळ्यावर तीन प्रश्न लिहा. काय परत यायचे आहे? ते कोणाकडे यायचे आहे? आणि कोणाकडून, किंवा कशातून? मग चार वाक्ये द्या : एक आजाराचे, एक चोरीचे, एक कर्जाचे आणि एक उसाचे. मुलांना प्रत्येकाचे मराठी करू द्या. जी मुले ही तीन उत्तरे देतील, ती इंग्रजीच्या परीक्षेत तर चुकणार नाहीतच, पण घरी आलेला कागद आईवडिलांना वाचून दाखवतानाही चुकणार नाहीत.

तात्यांनी त्या संध्याकाळी बँकेचा निरोप पुन्हा एकदा गुरुजींकडून वाचून घेतला. 'फ्रॉम'च्या पुढे त्यांचेच नाव होते, आणि हप्त्याला अजून नऊ दिवस होते. "म्हणजे आधी उसाचं बिल कुठं अडकलंय ते बघायला हवं," असे म्हणून ते उठले. सकाळी पहिल्या गाडीने त्यांना कारखान्यावर जायचे होते.