शिकून पुढे गेलेल्यांचे देणे

तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी आपला चोपडा तालुका पसरलेला आहे. खाली केळी आणि कपाशीची काळी जमीन; वर वैजापूरकडे डोंगर आणि पावरा, भिल्ल, तडवी लोकांचे पाडे. अशा एखाद्या पाड्यातला किंवा गावकुसाजवळच्या वस्तीतला मुलगा आज दहावी होतो आणि तंत्रनिकेतनात नाव घालतो. तंत्रनिकेतन चोपड्यात आहे. जळगावला शासकीय तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. फीसाठी सरकारी शिष्यवृत्ती आहे. म्हणजे दार उघडे आहे. मग पहिल्या सहामाहीनंतर काही मुले गुपचूप घरी का परततात?

बुद्धी कमी पडते म्हणून, असे कुणी म्हणेल तर ते खरे नव्हे. पावरा मुलाच्या घरी पावरी, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी, आणि तंत्रनिकेतनातल्या पुस्तकात एकदम इंग्रजी! तीन भाषा ओलांडून आलेल्या या मुलाला चौथीपाशी अडखळायला होते. त्यात दाखल्यांची दगदग. जात पडताळणीचा दाखला मुदतीत मिळाला नाही, तर हातात आलेली जागासुद्धा जाऊ शकते. डिप्लोमा चांगल्या गुणांनी झाला की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, ही साधी गोष्ट; पण घरात सांगणारे कुणी नसेल तर तीही उशिरा कळते. ज्याचा काका इंजिनिअर आहे त्याला हे सारे जेवताजेवता समजते. ज्याच्या घरात तोच पहिला शिकणारा, त्याने कुणाला विचारावे?

आपल्याकडे म्हण आहे, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. म्हण खरी आहे. पण पुढचा दिसलाच नाही, तर मागच्याने शहाणे व्हायचे कसे?

या प्रश्नाचा विचार महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर त्यांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. सभेच्या आरंभीच्या कामातच वसतिगृह होते, हे ध्यानात घ्यावे. मुलाला शाळेत जागा मिळाली तरी राहायला जागा आणि सोबत लागते, हे त्यांनी स्वतः भोगून जाणले होते.

पुढे १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी सरकारला एक निवेदन दिले. नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्य समाजाचे भागणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे आणि त्याचा खर्च सरकारने उचलला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या लवकरच सुरू झाल्या. मुले शिकली, साहेब झाली. परंतु मार्च १९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी मोठी खंत बोलून दाखवली, की शिकलेली माणसे आपल्याच पोटापाण्यात गुंतली आणि मागे राहिलेल्यांना विसरली.

ही खंत पुष्कळांच्या मनाला लागली. पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत काम करणारे कांशीराम, दीना भाना, डी. के. खापर्डे आदी कर्मचारी एकत्र आले आणि ६ डिसेंबर १९७८ रोजी ‘बामसेफ’ ही नोकरदारांची संघटना उभी राहिली. तिचे सूत्र शेतकऱ्यालाही पटेल असे होते. समाजाच्या जोरावर जो वर आला, त्याने आपला पैसा, वेळ आणि बुद्धी यांतला वाटा समाजाला परत द्यावा. पिकातले बियाणे राखून ठेवतो ना आपण, तसेच हे.

असाच अनुभव अमेरिकेतल्या काळ्या लोकांचाही आहे. महाराष्ट्राला ते परके नाहीत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, ती गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांनाच अर्पण केली. शिक्षकमंडळींना वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ ठाऊक आहेच. गुलामाच्या पोटी जन्मलेल्या या शास्त्रज्ञाला आयोवाच्या कृषी महाविद्यालयात नोकरी होती. ती सोडून १८९६ मध्ये तो दक्षिणेत टस्कीगीला आपल्या माणसांत गेला. कापसामागे कापूस घेऊन दमलेल्या जमिनीत भुईमूग लावा, हे तो गरीब शेतकऱ्यांना सांगत राहिला. शिकणे आणि परत येणे, या दोन गोष्टी त्याने वेगळ्या मानल्या नाहीत.

अलीकडचे उदाहरण इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाचे. तेथे १९७० च्या सुमारास अभियांत्रिकीला येणारी बहुतेक काळी मुले मधेच गळत. १९७१ मध्ये तेथल्या दोन विद्यार्थ्यांनी पुढाकार घेतला, आपली संघटना काढण्याची कल्पना महाविद्यालयाच्या प्रमुखांपुढे मांडली आणि एकमेकांना सावरायला सुरुवात केली. एप्रिल १९७५ मध्ये बत्तीस महाविद्यालयांतले अठ्ठेचाळीस विद्यार्थी पर्ड्यूला जमले आणि देशव्यापी ‘नॅशनल सोसायटी ऑफ ब्लॅक इंजिनिअर्स’ स्थापन झाली. पदवी घेऊन कारखान्यात गेलेले इंजिनिअरही संघटना सोडत नाहीत. आपापल्या शहरात त्यांची शाखा असते. ही मंडळी शाळकरी मुलांना गणित आणि विज्ञानाची गोडी लावतात, महाविद्यालयातल्या मुलांना अभ्यासात आणि नोकरीच्या मुलाखतीच्या तयारीत मदत करतात, शिष्यवृत्तीसाठी पैसा उभा करतात. नोकरीत कुणी एकटा पडला तर त्याची विचारपूसही करतात.

कुणी विचारील, हे जातीचे कोंडाळे नाही का? यावर एवढेच म्हणावेसे वाटते, की ज्यांच्या घरी दोन पिढ्या साहेब आहेत त्यांची संघटना जन्मापासूनच तयार असते. फक्त तिला कुणी संघटना म्हणत नाही. मामा, काका, ओळखीचे साहेब, हीच ती. ज्यांना हे नातेगोते नाही, त्यांना ते जाणूनबुजून उभारावे लागते. अशी सोबत गरजू असेल त्या प्रत्येक मुलाला द्यावी, मग तो कुणाचाही असो.

तेव्हा गुरुजी, आपल्या शाळेतही हे करता येईल. त्याला मोठे भांडवल लागत नाही. शाळेचे जुने दाखले आणि हजेरीपट काढा. गेल्या वीस वर्षांत आपल्याकडून गेलेला कोण वायरमन झाला, कोण ओव्हरसिअर, कोण इंजिनिअर, कोण परिचारिका, याची एक वही करा. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, तशी नोकरीला गेलेली मंडळीही गावी येतात. त्या दिवसांत त्यांना एक संध्याकाळ शाळेत बोलवा. हारतुरे नकोत, भाषणे नकोत. दहावीच्या एकेका मुलाशी एकेक मोठा माणूस जोडून द्या. मुलगी असेल तर शिकून नोकरीला लागलेली ताई शोधा. आईवडिलांचा धीर तिच्यामुळे वाढतो.

या जोडीदाराची कामे ठरवून द्यावीत. दाखले कोणते, ते कधी काढायचे आणि शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, हे त्याने सांगावे. सुटीत गणिताची आणि इंग्रजी तांत्रिक शब्दांची तयारी करून घ्यावी. आपली जुनी पुस्तके आणि ड्रॉइंगचे साहित्य द्यावे. आणि पहिल्या सहामाहीत दर रविवारी एक फोन करावा, “कसं चाललंय रे?” एवढे विचारायला. जमलेल्या पैशांचा हिशेब मात्र शाळेच्या फळ्यावर लिहावा, म्हणजे किल्मिष राहत नाही.

यात उपकाराची भाषा येऊ देऊ नका. उपकाराखाली दबलेला मुलगा अडचण सांगत नाही, आणि अडचण न सांगणाराच आधी गळतो. त्याच्याकडून परतफेड मागायचीच असेल तर एवढीच मागा, की तू पास होऊन कामाला लागलास की आखाजीला ये, आणि वहीत तुझ्यापुढे एका धाकट्याचे नाव लिहून घे.