चंचल मूल आणि रक्तातला वारसा

वर्गात एखादे मूल क्षणभर जागेवर टिकत नाही, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देऊन टाकते, रोज दप्तरातली एखादी वस्तू हरवून बसते. आम्ही शिक्षकांनी अशा मुलांना वर्षानुवर्षे बाकावर उभे केले आणि त्यांच्या आयांना बोलावून 'लाडाने बिघडवलेत' असे सुनावले. हे लिहिताना आम्हांस संकोच होतो; परंतु त्या आयांकडे दोष नव्हता, हे सांगितलेच पाहिजे.

वैद्यक या अवस्थेस अवधान-न्यूनता व अतिचंचलता, संक्षेपाने एडीएचडी, म्हणते. लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्येच आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसते की, मुलामुलांतील या बाबतच्या फरकाचा सुमारे ७४ टक्के भाग आनुवंशिक भेदांमुळे येतो. हा आकडा समूहाचा आहे. अमक्या मुलाचा इतका दोष बापाकडून आला, असा हिशेब त्यातून काढता येत नाही. शिवाय हे एकट्या जनुकाचे काम नव्हे. पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा हात त्यात असतो.

मात्र चंचलता वेगळी आणि मारामारी, खोटे बोलणे, चोरी वेगळी. चंचल मुलांपैकी काहींच्याच ठायी ही दुसरी गोष्ट आढळते. ती का, याचा एक धागा 'कॉम्ट' नावाच्या जनुकात सापडला. मेंदूच्या पुढील भागात डोपामाइन हे रसायन निकालात काढणारे द्रव्य या जनुकाच्या आज्ञेने तयार होते. त्याचा एक प्रकार हे काम जलद करतो, दुसरा सावकाश. २००५ मध्ये ब्रिटनमधील चंचल मुलांच्या पाहणीत, आई आणि बाप दोघांकडूनही जलद प्रकार आलेल्या मुलांत उपद्रवी वर्तन अधिक दिसले. जन्मतः वजन कमी असल्यास त्यात भर पडे. २००८ मध्ये आणखी तीन गटांत तसाच कल आढळला. पण परिणाम लहान आहे. हाच प्रकार असलेली असंख्य माणसे शांतपणे संसार करतात, म्हणून रक्त तपासून मुलाचे भविष्य सांगता येत नाही.

एका विद्यार्थ्याच्या वडिलांना हे समजावून सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, मीही असाच होतो. फक्त मला मार मिळाला."

तो मुलगा आता आमच्या टेबलाजवळ बसतो. त्याला वीस गणिते एकदम न देता पाच-पाच देतो, आणि मधे पाणी आणायला पाठवतो.