मुलांचा भत्ता आणि प्राप्तिकर

घरांत मूल जन्मास आलें म्हणजे खर्च वाढतो आणि पुष्कळदां त्याच वेळीं आईची मिळकत थांबते. अशा कुटुंबास सरकारनें साहाय्य द्यावयाचें तर मार्ग दोन : बापाच्या प्राप्तिकरांत सूट देणें, किंवा रोख भत्ता घरीं पोंचविणें. दोहोंचें फळ एकच, असें वरवर पाहणारास वाटतें. तें तसें नाहीं, हें ब्रिटनच्या इतिहासावरून स्पष्ट होतें.

१९०९ सालीं लॉइड जॉर्ज यांनीं ५०० पौंडांच्या आंत उत्पन्न असणाऱ्या करदात्यास सोळा वर्षांखालील दर मुलामागें १० पौंड उत्पन्नावरील कर माफ केला. मध्यम वर्गास ही सवलत उपयोगी पडली. परंतु ज्या मजुरास कर द्यावाच लागत नव्हता, त्याला करांतील सूट काय कामाची? मुलांच्या पालनाचा पैसा थेट आईच्या हातीं पडला पाहिजे, असा आग्रह एलिनॉर रॅथबोन यांनीं अनेक वर्षें धरला. १९४५ च्या मूळ विधेयकांत भत्त्याचा धनी बाप होता. त्यांच्या विरोधामुळें तो आईस देण्याचें ठरलें. ऑगस्ट १९४६ पासून दुसऱ्या व त्यापुढील प्रत्येक मुलामागें आठवड्यास ५ शिलिंग मिळूं लागले. तो दिवस पाहण्यास रॅथबोन मात्र हयात नव्हत्या.

यानंतर तीस वर्षें सूट आणि भत्ता शेजारीं शेजारीं नांदले. भत्त्यावर कर होताच. शिवाय १९६८ सालीं भत्ता वाढवून करांतील सूट तेवढी कमी करण्यांत आली. अखेर १९७७ ते १९७९ या काळांत दोन्ही एकत्र करून पहिल्या मुलासही लागू असा करमुक्त भत्ता सुरू झाला. पुरुषांच्या हातीं पडणारा पगार घटेल, या भीतीनें मंत्रिमंडळ प्रथम कचरलें होतें.

जानेवारी २०१३ पासून प्राप्तिकर पुन्हा मध्यें आला. २०२४ च्या एप्रिलपासूनच्या नियमाप्रमाणें आईबापांपैकीं अधिक मिळविणाराचें उत्पन्न ६०,००० पौंडांवर गेलें, कीं दर २०० पौंडांमागें भत्त्याचा शंभरावा हिस्सा त्याच्याकडून करांतून वसूल होतो. २०२५-२६ या वर्षांत पहिल्या मुलाचा भत्ता आठवड्यास २६.०५ पौंड, म्हणजे वर्षास सुमारें १,३५५ पौंड आहे. ७०,००० पौंड मिळविणारास त्यांतील निम्मे परत करावे लागतात. ८०,००० पौंडांस सर्वच जातो. गंमत अशी, कीं दोघांचें उत्पन्न प्रत्येकीं ५९,००० असल्यास कांहींच जात नाहीं. निवृत्तिवेतनाच्या निधींत भरलेली रक्कम या हिशेबांतून वजा होते, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें.

जें परत द्यावयाचें तें मागावें कशाला, असें म्हणून कित्येक नवे आईबाप अर्जच करीत नाहींत. यांत मोठी हानि आहे. मूल बारा वर्षांचें होईपर्यंत या अर्जामुळें, नोकरी नसलेल्या आईच्या नांवें राष्ट्रीय विम्याची वर्षें जमा होतात. आणि सरकारी निवृत्तिवेतन पुरें मिळण्यास साधारणतः ३५ वर्षांची नोंद लागते. यास्तव अर्ज तिच्या नांवें करावा. रक्कम नको असल्यास ती नाकारण्याची सोय त्यांतच आहे. मागील थकबाकी केवळ तीन महिन्यांची मिळते, म्हणून विलंब करूं नये. कराचा भार बहुधा बापावर पडतो. अर्ज टाळल्याचा तोटा मात्र आईच्या म्हातारपणास सोसावा लागतो.