गोळीचा बोअर आणि गोळीचा हिशेब

पोलिसांच्या कमरेला कोणत्या बोअरचे शस्त्र असावे, हा प्रश्न आपल्या चळवळीत सहसा चर्चेला येत नाही. तो खात्याचा विषय, आपला काय संबंध, असे आपण धरून चालतो. आम्ही म्हणतो, संबंध आहे! ज्यांच्या वस्तीवर गोळी चालते त्यांनीच ती कशी असावी हे विचारायचे नाही, तर मग कोणी विचारायचे?

आधी वस्तुस्थिती पाहू. आपल्या पोलीस अधिकाऱ्यांकडे वर्षानुवर्षे .३८ चे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर होते. पुढे ९ मि.मी. पिस्तूल आले. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातील या पिस्तुलात १३ गोळ्या बसतात. गंमत अशी की, दोन्हींच्या गोळीची जाडी जवळपास सारखीच, साधारण ९ मिलिमीटर. फरक वेगाचा आहे. जुन्या रिव्हॉल्व्हरची जड गोळी सेकंदाला दोनशे मीटरच्याही आत चालते. पिस्तुलाची हलकी गोळी साडेतीनशेच्या आसपास जाते. म्हणजे तिचा जोर दुपटीहून अधिक. तांब्याचे पूर्ण आवरण असलेली अशी गोळी एका माणसाच्या शरीरातून आरपार जाऊन मागच्यालाही लागू शकते.

आता देऊळगाव राजाची बाजारपेठ डोळ्यांसमोर आणा. बालाजीच्या यात्रेची गर्दी आणा. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे, हातगाड्या, कडेवर लेकरे. तिथे पळणाऱ्या गुन्हेगारावर झाडलेली गोळी कुठे थांबेल, हे कोण सांगणार?

यावर उपाय म्हणून काही देशांचे पोलीस शरीरात फुलणारी पोकळ टोकाची गोळी वापरतात. ती सहसा आतच थांबते, मागचा माणूस वाचतो. पण ज्याला लागते त्याची जखम अधिक भयंकर होते. याच जातीच्या गोळीला कोलकात्याजवळच्या कारखान्यावरून ‘दमदम’ हे नाव पडले आणि १८९९ च्या हेग घोषणेने युद्धात तिला बंदी झाली. युद्धात जी निषिद्ध, ती आपल्याच नागरिकांवर चालवायची का, हा साधा प्रश्न नाही. त्याचे उत्तर बंद खोलीत ठरू नये.

मोठा बोअर घेतला की प्रश्न सुटतो, हाही भ्रम आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी अमेरिकेत मायामी येथे गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी ठार व पाच जखमी झाले. दोष ९ मि.मी. गोळीला दिला गेला. मग १० मि.मी. आली, नंतर .४० आली. धक्का मोठा, नेम बिघडतो, सराव अवघड. शेवटी सुमारे तीस वर्षांनी ती संस्था सुधारित ९ मि.मी. गोळीकडेच परतली. धडा एकच: बोअरपेक्षा नेम महत्त्वाचा आणि नेम सरावातून येतो.

पण नेमाच्याही आधी हुकूम येतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात आपले दहा बांधव गेले. तिथे रायफली होत्या, पिस्तुले नव्हती. बोअर कोणताही असता तरी प्रश्न हाच होता की गोळी चालवण्याचा हुकूम का दिला? त्याचा जाब न्यायालयात २००९ साली लागला, बारा वर्षांनी!

आम्ही पोलिसांचे वैरी नाही. २६/११ च्या रात्री तुकाराम ओंबळे हातात केवळ लाठी घेऊन कसाबला भिडले. शिपायाला योग्य शस्त्र न देणे हाही अन्यायच आहे. तोही बहुधा गरिबाचाच मुलगा असतो.

म्हणून आमचे म्हणणे असे. शस्त्र द्या, पण त्यासोबत नियमित सराव द्या. गर्दीच्या ठिकाणी कोणती गोळी वापरायची याचा लेखी नियम करा आणि तो जाहीर करा. प्रत्येक काडतुसाची नोंद ठेवा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात स्पष्ट सांगितले आहे की, चकमकीत मृत्यू झाल्यास संबंधित पोलिसांनी आपले शस्त्र तपासणीसाठी जमा करावे. नळीतील आट्यांच्या खुणा गोळीवर उमटतात. कोणत्या शस्त्रातून ती सुटली हे त्या सांगतात. शस्त्र जमा झाले नाही, तर हा साक्षीदारच मुका होतो.

कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज करावा: गेल्या वर्षी आपल्या ठाण्यातील शस्त्रधारी कर्मचाऱ्यांनी सरावात सरासरी किती गोळ्या झाडल्या? देऊळगाव राजातून पहिला अर्ज आम्ही देणार आहोत. गोळी आपल्या कराच्या पैशाची आहे. तिचा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे.